बालऔषधांतील नामसाधर्म्य

लहान मुलांसाठी लिहून दिलेल्या औषधांची नावे उच्चारात किंवा लिखाणात जवळची असल्याने एकाच्या जागी दुसरे दिले जाण्याचा धोका, आणि तो टाळण्याच्या पद्धती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधोपचारातील चुका कमी करण्यासाठी जी जागतिक मोहीम सुरू केली, तिच्यात सारख्या दिसणाऱ्या व सारख्या ऐकू येणाऱ्या औषधांचा प्रश्न महत्त्वाचा मानला आहे. मुलांच्या बाबतीत तो अधिक गंभीर होतो. त्यांची मात्रा वजनावर ठरते, औषध बहुधा पातळ असते आणि एकाच नावाच्या बाटल्या वेगवेगळ्या ‘पॉवर’च्या (म्हणजे तेवढ्याच मि.लि.मध्ये कमीजास्त औषध असलेल्या) मिळतात. म्हणून नाव अचूक असूनही मूल चुकीच्या मात्रेचे धनी होऊ शकते.

मूळ (जेनेरिक, म्हणजे ब्रँडचे नव्हे तर औषधी घटकाच्या) नावांतच गोंधळाच्या अनेक जोड्या आहेत. क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम ही दोन्ही फिट्सची औषधे. पण पहिल्याची गोळी ५ किंवा १० मि.ग्रॅ.ची, तर दुसऱ्याची ०.२५ किंवा ०.५ मि.ग्रॅ.ची. पहिल्याच्या मात्रेत दुसरे दिले गेले तर मूल गुंगीत जाते, क्वचित श्वास मंदावतो. उलट, दुसऱ्याच्या मात्रेत पहिले दिले तर फिट्स आटोक्यात राहत नाहीत. अझिथ्रोमायसिन हे जंतुसंसर्गावरचे, तर अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे. कार्बामाझेपिन–ऑक्सकार्बाझेपिन, हायड्रॉक्झिझिन–हायड्रॅलाझिन, सेफिक्झिम–सेफपोडॉक्झिम याही नेहमीच्या जोड्या. सेटिरिझिन–लेव्होसेटिरिझिन आणि साल्ब्युटामॉल–लेव्होसाल्ब्युटामॉल यांत फोनवर सांगताना ‘लेव्हो’ गळून पडते. ‘लेव्हो’ औषधाची मि.ग्रॅ.मधली मात्रा साधारण निम्मी असल्याने हा फरक किरकोळ समजू नये.

त्याहून फसवी असतात ब्रँडच्या नावामागची शेपटे. ‘पी’ म्हणजे कुठे पेडियाट्रिक, कुठे पॅरासिटामॉल. ‘डीएस’ म्हणजे बहुधा दुप्पट पॉवर, पण प्रत्येक कंपनीत तोच अर्थ असेल याची हमी नाही. प्रेडनिसोलोनचे साधे सिरप ५ मि.लि.मध्ये ५ मि.ग्रॅ.चे आणि ‘फोर्ट’ १५ मि.ग्रॅ.चे, चिठ्ठीतले ‘फोर्ट’ वाचायचे राहिले की मात्रा तीन पटींनी घसरते, नको तिथे वाचले की तेवढीच चढते.

पॅरासिटामॉलमध्ये हे अगदी स्पष्ट दिसते. १० किलोच्या बाळाला १५ मि.ग्रॅ. प्रति किलो या हिशेबाने एका वेळी १५० मि.ग्रॅ. लागते. १२० मि.ग्रॅ./५ मि.लि.च्या सिरपमधून ते सुमारे ६ मि.लि., २५० मि.ग्रॅ./५ मि.लि.मधून ३ मि.लि. आणि १०० मि.ग्रॅ./मि.लि.च्या ड्रॉप्समधून फक्त १.५ मि.लि. होते. मागच्या वेळी ‘सहा’ दिल्याचे आईच्या लक्षात असते आणि या वेळी हाती ड्रॉप्स पडतात. सहा मि.लि. दिले तर ६०० मि.ग्रॅ. म्हणजे चौपट औषध पोटात जाते. ड जीवनसत्त्वाचेही तसेच: रोजचे ४०० युनिटचे थेंब आणि एकदम घ्यायची ६०,००० युनिटची ५ मि.लि.ची कुपी, दोन्ही छोट्या बाटल्या.

नावांवर कायद्याचे लक्ष आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘फाल्सिगो’ व ‘फाल्सिटॅब’ या मलेरियाच्या औषधांच्या वादात, औषधांच्या बाबतीत नामसाधर्म्य इतर मालापेक्षा कडक निकषाने तपासावे, अशी भूमिका घेतली. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती केली. शेड्यूल एच (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या) औषधाच्या जागी दुकानदाराने परस्पर दुसरे देणे औषध नियमांना धरून नाही. माल नसेल तर डॉक्टरांना फोन करणे हाच मार्ग.

सांगली जिल्ह्यात या प्रश्नाला स्थानिक पदर आहेत. मिरजेच्या दवाखान्यांत सीमेपलीकडच्या अथणी, रायबाग भागातून रुग्ण येतात आणि जत तालुक्यात कन्नड बोलणारी घरे पुष्कळ. औषध कसे द्यायचे ते मराठीत भरभर सांगितले, तर मान डोलते पण मात्रा कळलेली नसते. गळीत हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या पिशवीत दोन-तीन गावांतल्या चिठ्ठ्या आणि अर्ध्या बाटल्या असतात. “मागल्या वेळचं ते गुलाबी औषध द्या” ही मागणी खेड्यातल्या मेडिकलवर नेहमीची. रंगावरून औषध देणे ही सर्वांत टाळण्याजोगी सवय होय, कारण गुलाबी सिरप पॅरासिटामॉलचेही असते आणि खोकल्याचेही.

चिठ्ठी लिहिताना सर्वांत स्वस्त आणि उपयोगी खबरदारी म्हणजे नावापुढे कारण लिहिणे: ‘तापासाठी’, ‘फिट्ससाठी’. कारण दिसले की चुकीचे नाव खटकते. त्यासोबत मुलाचे वजन, मूळ नाव, पॉवर आणि मात्रा मि.लि.मध्ये हवी, ‘एक चमचा’ नको, कारण घरातला चमचा ५ मि.लि.चा असतोच असे नाही. ‘१.०’ लिहू नये, टिंब पुसट झाले की ते १० होते, ‘.५’ ऐवजी ‘०.५’ लिहावे. इंग्रजीत सारख्या नावांतला जो तुकडा वेगळा असतो, तो मोठ्या अक्षरांत छापतात. देवनागरी लेबलवर तशी सोय नसल्याने तो तुकडा अधोरेखित किंवा रंगीत करता येतो.

मेडिकलमध्ये मूळ अडचण मांडणीची असते. कंपनीवार किंवा वर्णानुक्रमे लावलेल्या फळीवर सारखी नावे शेजारी येतात, आणि एकाच कंपनीची खोकी रंगातही सारखी असतात. या जोड्या मुद्दाम वेगळ्या फळ्यांवर ठेवून लाल चिकटपट्टी लावावी. लेबल तीनदा वाचावे: काढताना, चिठ्ठीशी ताडताना, हातात देताना. वाचायचे ते ब्रँडखालचे घटक. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला चिठ्ठीचा फोटो अस्पष्ट असेल तर अंदाज करू नये. देताना बाटलीवर पेनाने मि.लि. लिहावे, औषध मोजायच्या सिरिंजवर रेघ मारावी आणि “किती देणार, भरून दाखवा” असे म्हणावे. कन्नड किंवा अन्य भाषेच्या पालकांसाठी हीच कृती सर्वांत खात्रीची.

घरी एका वेळी एकच बाटली उघडावी, खोके फेकू नये, एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्याला वापरू नये. अँटिबायोटिकचे ड्राय सिरपही (पाणी घालून तयार करायची पूड) नावावरून नव्हे तर अंकावरून ओळखावे: अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचे २२८.५ आणि ४५७ मि.ग्रॅ./५ मि.लि. असे दोन प्रकार सर्रास मिळतात. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालावे. जास्त पडले तर मात्रा पातळ होते. थोरल्याचे उरलेले औषध धाकट्याला देऊ नये, वजन वेगळे असते.

चूक लक्षात आली तर उलटी करवू नये. बाटली, खोके, चिठ्ठी घेऊन, किती मि.लि. व किती वाजता दिले ते टिपून दवाखान्यात जावे. मूल गुंगीत असेल तर १०८ वर फोन करावा. पॅरासिटामॉल १५० मि.ग्रॅ. प्रति किलो किंवा अधिक गेले असेल, तर मूल खेळत असले तरी थांबू नये. यकृताला होणारी इजा उशिरा दिसते आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन हे प्रतिऔषध पहिल्या आठ तासांत सर्वाधिक परिणामकारक ठरते. औषधाने त्रास झाल्यास भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर पालकही नोंद करू शकतात. या नोंदीचा अर्ज मराठीतही आहे.