वाळवंट ट्रिपला निघण्याआधी: वारा आणि पाणी काय काय करून ठेवतात

आमच्यासोबत वाळवंटात कॅम्पिंगला येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं, जिकडे बघावं तिकडे वाळूच्या टेकड्या. मग गाडी तासन्तास दगडगोट्यांच्या माळावरून जायला लागली की विचारणा सुरू होते, वाळू कधी येणार? तर जगातल्या वाळवंटांचा साधारण पाचवा हिस्साच वाळूने झाकलेला आहे, बाकी सगळे खडक, खडी, डोंगर आणि कोरड्या नद्या, आणि खरं सांगायचं तर आम्हाला तेच दाखवायची जास्त हौस असते.

वारा सुटला की उभं राहून बघू नका, खाली बसा. वाळूचे कण टुणटुण उड्या मारत जातात, पडताना पुढच्या कणाला धक्का देतात की तो उडतो, आणि हे सगळं बहुतेक गुडघ्याच्या खालीच चालतं. म्हणूनच भूछत्र खडकाची मान बारीक आणि डोकं मोठं असतं. अर्थात तळाशी ओल आणि मीठ धरतं, तेही दगड पोखरतं, सगळं श्रेय वाऱ्याला देऊ नका. चंद्रकोरीसारखी टेकडी दिसली तर ती बारखाण, तिची दोन टोकं वारा जिकडे चाललाय तिकडे वळलेली असतात, म्हणजे हवा बंद असली तरी नेहमीची वाऱ्याची दिशा कळते. वाळूवरच्या बारीक लाटांवर बोट फिरवून बघा, माथ्यावरचे कण जाड लागतात आणि खोबणीतले बारीक.

पण मोठमोठी कामं पाण्याचीच, हे लोकांना पटतच नाही. पाऊस वर्षातून एखाददोनदाच पडतो, पण झाडझाडोरा नसल्याने पाणी अडवायला काहीच नसतं, टणक जमिनीत ते मुरत नाही, आणि सगळं एकदम घळीतून गाळ-दगड घेऊन सुटतं. डोंगरातून बाहेर पडल्यावर पसरट जागा मिळते, जोर संपतो, मग मोठे धोंडे तोंडाशीच, खडी पुढे, बारीक गाळ आणखी पुढे असा पंख्यासारखा ढीग तयार होतो. त्याच्याही पुढे पाणी साचून आटतं तिथे मिठाची पांढरी पापडी.

हे आम्ही एवढं सांगतो कारण १९९७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक गेले, आणि पाऊस पडला होता कित्येक किलोमीटर वरच्या बाजूला. त्यामुळे सपाट, मऊ वाळूची कोरडी नदी कितीही छान वाटली तरी तंबू तिथे लागणार नाही, आम्ही उंचवट्यावरच लावतो, थोडं खडबडीत झोपावं लागेल. घळीतून चालताना वर बघत चला, डोक्याच्या वर खडकाच्या फटीत काटक्या-गवत अडकलेलं दिसेल, मागच्या वेळी पाणी तिथवर आलं होतं.