निपल काळं पडलं म्हणजे ग्राफ्ट मेलं असं नाही

टॉप सर्जरीनंतर, म्हणजे छाती सपाट करण्याच्या ऑपरेशननंतर, पहिली पट्टी सुटते तेव्हा भल्याभल्यांची पाचावर धारण बसते, कारण निपल काळपट-जांभळं दिसतं, वर खपली, आणि वाटतं की संपलं, गेलं. बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं. का, ते मला सांगायचंय, कारण आत जे चाललेलं असतं ते खरंच भन्नाट आहे.

आधी थोडं निर्णयाबद्दल. ट्रान्स पुरुष आणि बरेच नॉन-बायनरी (स्वतःला फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री न मानणारे) लोक छाती सपाट करून घेतात. टेस्टोस्टेरॉनने दाढी येते, आवाज फुटतो, पण एकदा वाढलेली स्तनग्रंथी त्याने जात नाही, क्रीम किंवा लेप लावून तर अजिबातच नाही, तसल्या जाहिरातींवर एक पैसाही घालवू नका. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीला या सर्जरीआधी हॉर्मोन्स घेतलेच पाहिजेत अशी अटही नाही.

छाती लहान आणि कातडी घट्ट असेल तर निपल जागेवर ठेवून ग्रंथी काढता येते. मोठ्या छातीला सहसा डबल इन्सिजन, म्हणजे दोन आडवे छेद, आणि त्यात बऱ्याचदा निपल पूर्ण सुटं करून, लहान आणि पातळ करून नव्या जागी शिवतात. हेच ते ग्राफ्ट.

आता बघा, सुटं केलं त्या क्षणी त्याचा रक्तपुरवठा शून्य. तरी ते जगतं कसं? पहिले २४ ते ४८ तास ते खालच्या जखमेतून झिरपणारा प्लाझ्मा नुसता शोषून घेतं आणि त्यावर तग धरतं. पातळ करतात ते याचसाठी, जाड तुकड्याच्या वरच्या थरापर्यंत ऑक्सिजन पोचणारच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खालच्या केशवाहिन्यांची टोकं ग्राफ्टमधल्या कापलेल्या टोकांना जाऊन जुळतात. सोबत नव्या वाहिन्याही फुटायला लागतात, आणि त्यांना बोलावणं धाडतो तो ऑक्सिजनचा तुटवडाच! पेशीत एचआयएफ नावाचं प्रोटीन सतत बनत असतं, ऑक्सिजन भरपूर असला की एक एन्झाइम त्याच्या अल्फा भागावर हायड्रॉक्सिल गट चिकटवतं, ती खूण व्हीएचएल प्रोटीन ओळखतं आणि मग त्याची विल्हेवाट लागते. ऑक्सिजन कमी पडला की खूणच होत नाही, एचआयएफ साठतं, व्हीईजीएफ या वाहिन्या वाढवणाऱ्या प्रोटीनचं जनुक चालू करतं आणि केशवाहिन्या त्या दिशेने वाढू लागतात. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

या सगळ्यात वरची कातडी रक्तापासून सगळ्यात लांब, म्हणून ती आधी मरते, काळी पडते, खपली होऊन गळते. खालचा थर जिवंत असला की नवी कातडी येते, सुरुवातीला गुलाबी, पुढे रंग कमीजास्त.

ग्राफ्टवर साधारण आठवडाभर दाबून बांधलेला बोळा असतो तो याचसाठी, तुकडा जरा सरकला किंवा खाली रक्त साठलं तर त्या जुळलेल्या केशवाहिन्या तुटतात. निकोटिनने वाहिन्या आकसतात, त्यामुळे सर्जरीच्या आधी आणि नंतरचे काही आठवडे सिगारेट, व्हेप, निकोटिनचे च्युइंगगम सगळं बंद. एक बाजू अचानक टम्म फुगली, पू किंवा घाण वास आला, ताप आला, तर वाट न बघता सर्जनला फोन करा.

व्रणाचं म्हणाल तर 'डाग न राहणारी सर्जरी' हा निव्वळ प्रचार आहे. छेद दिला की व्रण राहणार, तीन महिन्यांनी त्याची ताकद मूळ कातडीच्या साधारण ८० टक्के होते, पूर्ण कधीच नाही, आणि रंग फिका व्हायला वर्ष किंवा जास्तही लागतं. सिलिकॉन पट्टीने थोडा फायदा होतो. नसा कापल्या गेल्याने बधिरपणा येतो, स्पर्श हळूहळू काही प्रमाणात परततो, पण ग्राफ्ट केलेल्या निपलला पूर्वीसारखी संवेदना बहुतेकदा येत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि थोडी स्तनपेशी आत उरतेच, त्यामुळे कॅन्सरची शक्यता खूप कमी होते पण शून्य नाही. घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर सर्जनला आधी सांगा, आणि काढलेली ग्रंथी पॅथॉलॉजीत तपासायला पाठवणार का तेही विचारून घ्या.