सुंता आणि स्त्री-जोडीदाराचे लैंगिक समाधान

शिश्नमुंड झाकणारी पुढची कातडी शस्त्रक्रियेने काढणे म्हणजे सुंता. पुरुषाची सुंता झाल्यावर त्याच्या जोडीदार स्त्रीच्या कामसुखात फरक पडतो का, याचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे. त्यातून दिसते ते असे : बहुसंख्य स्त्रियांना फरक जाणवत नाही किंवा अनुभव थोडा सुधारतो. थोड्या स्त्रियांची तक्रार असते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नसते.

पुढच्या कातडीला दोन पदर असतात. बाहेरचा साध्या त्वचेसारखा, तर आतला ओलसर व स्पर्शाला अधिक संवेदनशील. संभोगात ही कातडी शिश्नावर मागेपुढे सरकते, त्यामुळे योनीच्या आवरणावर होणारे घर्षण काहीसे कमी होते. सुंतेनंतर हे सरकणे जवळजवळ थांबते. स्त्रीला पुरेसा ओलावा सुटत असेल तर हा बदल बहुधा लक्षातही येत नाही. प्रसूतीनंतर स्तनपानाच्या काळात किंवा पाळी गेल्यावर योनी कोरडी असते, तेव्हा मात्र तो जाणवू शकतो.

या प्रश्नावरची महत्त्वाची माहिती युगांडातील राकाई जिल्ह्यातून आली. एचआयव्हीला आळा बसतो का हे पाहण्यासाठी तिथे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे पुरुषांचे दोन गट पाडून एका गटाची सुंता केली गेली. त्या पुरुषांच्या ४५५ जोडीदार स्त्रियांना आधीचा आणि नंतरचा अनुभव विचारला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ५७.३ टक्के स्त्रियांना समाधानात फरक वाटला नाही, ३९.८ टक्क्यांना ते वाढल्यासारखे वाटले आणि २.९ टक्क्यांना घटल्यासारखे. वाढीची कारणे म्हणून स्वच्छता, पुरुषाचे वीर्यस्खलन उशिरा होणे आणि त्याची वाढलेली इच्छा ही प्रामुख्याने सांगितली गेली. घट झाली असे म्हणणाऱ्यांनी दोघांपैकी एकाची इच्छा कमी झाल्याचे सांगितले. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. सुंता आरोग्याला हितकारक आहे असे याच काळात गावोगाव सांगितले जात होते, आणि त्याचा रंग उत्तरांवर चढला असणारच. म्हणून ‘सुख वाढते’ या दाव्यापेक्षा ‘सहसा बिघडत नाही’ हा निष्कर्ष अधिक भरवशाचा आहे.

डेन्मार्कमधील २०११ चा अभ्यास उलट दिशेला बोट दाखवतो. सुंता झालेल्या पुरुषांच्या जोडीदारांपैकी १२ टक्के स्त्रियांनी संभोगात वेदना होत असल्याचे सांगितले, तर इतरांच्या जोडीदारांत हे प्रमाण ३ टक्के होते. मात्र त्या देशात सुंता झालेले पुरुष जेमतेम ५ टक्के. एवढ्या लहान गटात काही मोजक्या उत्तरांनीही टक्केवारी हलते. १९९९ सालचे एक सर्वेक्षणही सुंतेच्या विरोधात वारंवार पुढे केले जाते. त्यातील बऱ्याच स्त्रिया सुंताविरोधी संघटनेच्या यादीतून घेतलेल्या होत्या, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

उशिरा स्खलन होण्याच्या दाव्यालाही भक्कम आधार नाही. पाच देशांतील ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून केलेल्या नोंदींत (२००५) स्खलनापर्यंतचा सर्वांत कमी मध्यक वेळ (अर्ध्या जोडप्यांचा याहून कमी, अर्ध्यांचा जास्त), ३.७ मिनिटे, तुर्कस्तानात आढळला, आणि तिथे सुंता जवळजवळ सार्वत्रिक आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल (ज्यू) कुटुंबांत मुलाची सुंता आठव्या दिवशी होते, मुसलमान कुटुंबांत लहानपणी. अशा पुरुषाच्या पत्नीपुढे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असा प्रश्नच येत नाही. प्रौढपणी केलेल्या सुंतेबाबतचे निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावू नयेत.

प्रौढाच्या बाबतीत शस्त्रक्रिया कशी झाली यावर बरेच अवलंबून असते. ती साधारणपणे स्थानिक भूल देऊन होते. कातडी न ताणता, शिश्नमुंडाच्या कडेच्या रेषेवर बाहेरची खूण करावी लागते आणि आतल्या पदराची ५ ते १० मिलिमीटर पट्टी राखावी लागते. खूण करताना कातडी ओढली गेली तर ती जास्त कापली जाते. मग ताठरतेत त्वचा ताणून दुखते, अंडकोशाची केसाळ त्वचा शिश्नावर चढते आणि जोडीदाराला खरखर जाणवते. उलट, सुंतेचे कारण फायमोसिस असेल, म्हणजे कातडी मागे सरत नसेल किंवा सरताना फाटत असेल, तर पुरुषाची वेदना थांबल्याने दोघांनाही खरा दिलासा मिळतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे घाई. विरघळणारे टाके गळून वरून जखम बरी दिसली तरी आतले ऊतक कच्चेच असते, म्हणून पूर्ण सहा आठवडे संभोग आणि हस्तमैथुन दोन्ही टाळायचे असतात. राकाईतच एचआयव्हीबाधित पुरुषांच्या जोडीदारांवर याचा परिणाम पाहिला गेला : जखम भरण्याआधी संबंध सुरू केलेल्या जोडप्यांत सहा महिन्यांत २७.८ टक्के स्त्रियांना लागण झाली, थांबलेल्यांत ९.५ टक्के. संख्या लहान असली तरी इशारा स्पष्ट आहे. सुंतेमुळे बाधित पुरुषाकडून स्त्रीला होणारी लागण कमी होत नाही. पुरुषाला स्त्रीकडून होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी कमी होते. त्यामुळे कंडोम पुढेही लागतोच.

संबंध पुन्हा सुरू केल्यावर स्त्रीला कोरडेपणा किंवा जळजळ जाणवली तर प्रथम पूर्वक्रीडेला जास्त वेळ द्यावा आणि पाण्यावर आधारित जेल वापरावे. कंडोम असेल तर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, कारण लॅटेक्स त्याने कमकुवत होऊन फाटते. तरीही दुखत राहिले तर दोघांनीही तपासून घ्यावे : त्याच्या व्रणावर गाठ किंवा शिश्नमुंडाला चिकटलेला त्वचेचा पूल आहे का, आणि तिला योनिमार्गाचा संसर्ग आहे का.