शेवंतीची रात्र कोण मोडतंय?

मार्गशीर्षातले दोन गुरुवार होऊन गेले तरी आमच्या गॅलरीतल्या शेवंतीला एक कळी नव्हती, झाड मात्र हिरवंगार, गुडघ्याएवढं वाढलेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, पाळीत कोणीतरी हात लावला असणार." सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोपर्यंत केळीच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा, एप्सम सॉल्ट आणि 'आठ दिवसात फुलंच फुलं' वाली बाटली, सगळं सुचवून झालेलं. पण त्याच झाडाच्या काश्या (बुंध्यापाशी फुटणारे कोंब) काढून लावलेली दुसरी कुंडी गच्चीवर टाकीच्या मागे होती, तीच माती, तेच शेणखत, पाणी घालणारी पण मीच, आणि ती पिवळीधमक फुललेली.

फरक एकच होता. पावसाळ्यात गॅलरीसमोरच्या खांबावर नवा पांढरा एलईडी दिवा लागला आणि तेव्हापासून रात्री बाराला पण त्या कुंडीपाशी उभं राहून पेपर वाचता येतो.

आपल्याला वाटतं झाडाला उजेड जितका जास्त तितकं चांगलं. अन्न बनवायला ते खरंच आहे, पण फुलायचं कधी हे ठरवताना शेवंती उजेड नाही, अंधार मोजते. पुण्या-मुंबईकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला लहान दिवस अकरा तासांचा, म्हणजे फरक जेमतेम सव्वादोन तास, आपल्या लक्षातही येत नाही. शेवंतीला येतो. जूनमध्ये पहाटेचं आणि तिन्हीसांजेचं झुंजुमुंजू वजा केलं तर खरी काळोखी रात्र दहा तासांच्या आसपास उरते, पावसाळा सरता सरता ती वाढत जाते आणि त्या जातीची मर्यादा ओलांडली की शेंड्यात पानांऐवजी कळी घडायला लागते. मर्यादा जातीजातीत वेगळी असते, म्हणून काही शेवंत्या दसऱ्याला येतात आणि काही थेट थंडीत.

झाड दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलतं हे पहिल्यांदा नीट दाखवलं अमेरिकेतले शास्त्रज्ञ गार्नर आणि अॅलार्ड या दोघांनी. त्यांच्याकडे मेरीलँड मॅमथ नावाचा तंबाखू होता, उन्हाळ्यात माणसापेक्षा उंच व्हायचा पण फुलायचा नाही, आणि थंडीत काचघरात लहानपणीच फुलायचा. खत, ओल, तापमान सगळं बदलून बघितलं, काही उपयोग नाही. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी कुंड्या दुपारनंतर एका अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली, सकाळी परत बाहेर, आणि तंबाखू भर उन्हाळ्यात फुलला. १९२० मध्ये त्यांनी ते छापलं. पण त्यांना वाटलं झाड दिवस मोजतं. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी शंकेश्वरावर (रानात कपड्यांना ज्याची काटेरी फळं चिकटतात ते झुडूप) प्रयोग केला, दिवसा मध्येच अंधार केला तर काही फरक नाही, पण मोठ्या रात्रीच्या मधे अगदी थोडा वेळ दिवा लावला की फुलणं बंद! म्हणजे मोजली जाते ती सलग रात्र. सहा अधिक सहा म्हणजे बारा असं झाडाला चालत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पानात फायटोक्रोम नावाचं एक प्रथिन असतं, त्याची दोन रूपं, आणि ते उजेडाने या रूपातून त्या रूपात जातं, स्विचसारखं. ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की ते 'जागं' होतं, आणि ७३० च्या आसपासचा अतिलाल, म्हणजे आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणारा, पडला की परत 'झोपतं'. अंधारातही ते हळूहळू झोपेकडे जातं. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रातल्या बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटाने रात्रीच्या मध्यात लाल प्रकाश दिला, फुलणं थांबलं, लगेच त्याच्यावर अतिलाल दिला, फुलणं परत चालू. लाल, अतिलाल, लाल असं एकामागून एक दिलं तर शेवटी कुठला दिला त्यावर निकाल! प्रथिन हातात यायच्या आधी, फक्त दिवे लावून-विझवून त्यांनी ते ओळखलं होतं. आणि खांबावरच्या पांढऱ्या एलईडीत लाल प्रकाश असतोच.

पण रात्र बघतं पान आणि कळी येते शेंड्याला, मग निरोप कोण नेतं? हा प्रयोग तर शेवंतीवरच झालेला आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली, खालच्या पानांना मोठी रात्र दिली आणि उघड्या शेंड्याला उजेडात ठेवलं, तरी शेंडा फुलला. पानातून वर जाणाऱ्या त्या अज्ञात पदार्थाला त्यांनी फ्लोरिजेन नाव दिलं आणि पुढे सत्तर वर्षं लोक तो शोधत राहिले, २००७ मध्ये भातात आणि अॅरॅबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेत नेहमी वापरतात ते मोहरीच्या कुळातलं छोटं झाड) दिसलं की ते एक छोटं प्रथिन आहे, पानात तयार होऊन अन्नरसाच्या नळ्यांमधून शेंड्यापर्यंत जातं. शेवंतीत अजून एक पाऊल पुढे आहे, २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की रात्र मोडली की पान उलटा निरोप पण पाठवतं, 'फुलू नको' सांगणारं दुसरं प्रथिन. आणि त्याची वेळ ठरते सूर्यास्तापासून, अंधार पडल्यावर ठराविक तासांनी झाडाच्या आतल्या घड्याळाचं एक दार उघडतं, त्या वेळेला उजेड दिसला की जागं फायटोक्रोम ते विरोधी प्रथिन बनवायला लावतं. म्हणजे माझी गॅलरीतली शेवंती उपाशी नव्हती, तिला रोज रात्री 'थांब' असा स्पष्ट निरोप मिळत होता.

म्हणून पाळीचं ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. पानात प्रकाश ओळखणारं प्रथिन आहे, बाईची पाळी ओळखणारं काहीही नाही, आणि या एका समजुतीपायी कितीतरी मुलींना महिन्यातले चार दिवस स्वतः लावलेल्या झाडापासून लांब ठेवतात. बाटलीतलं बूस्टर पण तसंच, नत्र जास्त असेल तर उलट पानंच वाढतात, आणि कुठलंच खत रात्र लांबवू शकत नाही.

शेतकरी हे कधीपासून वापरतायत. कर्नाटकात शेवंतीच्या शेतांवर रात्री बल्बच्या माळा दिसतात त्या सजावट नाहीत, रोपं पुरेशी उंच होईपर्यंत कळी थांबवायची असते, नाहीतर थंडीत लावलेलं रोप वीतभर असतानाच फुलून बसतं. सोलापूर-सांगलीकडे ड्रॅगनफ्रूटवाले एलईडी लावतात ते बरोबर उलट कारणाने, त्याला फुलायला लहान रात्र लागते.

घरी काय करायचं? पहिलं म्हणजे कुंडी दिव्याच्या आड हलवा. जागा नसेल तर संध्याकाळी सहाला पुठ्ठ्याचा मोठा खोका उपडा घाला आणि सकाळी आठला काढा, काळी प्लास्टिकची पिशवी नको, आत उकडतं. एकही रात्र चुकवू नका, कळ्यांना रंग दिसेपर्यंत. चांदण्याची काळजी नको, पौर्णिमेचा उजेडसुद्धा पाव लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आसपास, दिव्यापुढे काहीच नाही. पॉइनसेटिया आणि कलांचोला हाच उपाय चालतो. गुलाबाला नाही, तो रात्र मोजत बसत नाही, त्याचं ऊन आणि छाटणी बघा.

मी दुसऱ्या गुरुवारनंतर खोका घालायला लागले, बाविसाव्या दिवशी शेंड्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या मोजल्या, अकरा. काकूंना बोलावून दाखवल्या, आता त्यांच्या खिडकीतल्या कुंडीवर पण खोका असतो.