शेरीसाठी पिंप की पिंपासाठी शेरी?

व्हिस्कीच्या लेबलवर 'शेरी फिनिश' वाचलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्पेनमधल्या हेरेसच्या बोडेगांतली (दारूकोठारांतली), शेरी ही कडक वाइन पिऊन काळी पडलेली जुनी पिंपं उभी राहतात. कोवळी, कास्क-स्ट्रेंथ (म्हणजे पाणी न घालता पिंपातल्याच तीव्रतेने बाटलीत भरलेली) सिंगल माल्ट चाखताना हीच समजूत आड येते.

ती सोलेराची, म्हणजे जुन्यात नवी शेरी मिसळत मुरवण्याची पिंपं विक्रीला सहसा येतच नाहीत. शिवाय दशकानुदशकं वापरून त्यांच्या लाकडात देण्यासारखं फारसं उरलेलं नसतं, आणि शेरीवाल्यांना तेच हवं असतं. स्कॉटलंडला मिळायची ती वाहतुकीची पिंपं. शेरी पिंपांतून ब्रिस्टल, लीथ अशा ब्रिटिश बंदरांत उतरायची, तिथेच बाटल्यांत भरली जायची, आणि रिकामं पिंप स्पेनला परत धाडण्यापेक्षा व्हिस्कीवाल्याला विकणं स्वस्त पडायचं. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करण्याचं बंधन आलं आणि हा पुरवठा आटला. मधल्या काळात पॅक्सारेट नावाचं दाट, गोड मद्य दाबाखाली पिंपाच्या लाकडात जिरवायची युक्तीही चालत होती. १९९०च्या सुमारास तीही बंद झाली.

तेव्हापासून बहुतेक 'शेरी पिंप' मागणीनुसार तयार होतं. नव्या ओकचं पिंप बांधायचं, त्यात ओलोरोसो किंवा पेद्रो हिमेनेझ या प्रकारची शेरी भरायची, दीड-दोन वर्षं ठेवायची, मग रिकामं करून उत्तरेला पाठवायचं. २०१५ पासून हेरेसमध्ये अशा पिंपांना प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी किमान एक वर्ष शेरी भरलेली असावी लागते. आत भरलेली शेरी पुन्हा पुन्हा याच कामाला लावतात, शेवटी ती बहुधा व्हिनेगर किंवा ब्रँडीकडे जाते. म्हणजे पूर्वी शेरीसाठी पिंप होतं, आता पिंपासाठी शेरी आहे. यात फसवणूक नाही. पण लाकूड नवं असल्याने ते भरपूर बोलतं, आणि लवंग, दालचिनी, तुरटपणा हे बरंचसं शेरीचं नव्हे, ओकचं देणं असतं. युरोपीय ओक असेल तर तुरटपणा आणखी ठळक.

खरा गुंता 'फिनिश' या शब्दाचा आहे. घोट गिळल्यावर मागे रेंगाळते ती चवही फिनिश, आणि बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या २०० लिटरच्या पिंपात मुरलेली व्हिस्की शेवटी ५०० लिटरच्या शेरी बटमध्ये (मोठ्या पिंपात) हलवणं हेही फिनिश. ही दुसरी पद्धत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात रुजली आणि १९९०च्या दशकात लेबलवर मिरवू लागली. साधारण सहा महिने ते दोन वर्षं असा प्रघात आहे, पण किमान मुदत कायद्याने घातलेली नाही. वय मात्र दोन्ही पिंपांतलं मिळून मोजतात. त्यामुळे पाच वर्षांच्या व्हिस्कीत शेरीचा वाटा तीन महिन्यांचा की तीन वर्षांचा, हे लेबलवरून कळेलच असं नाही. ते महिने छापणं बंधनकारक असायला हवं. रंगावरून अंदाज बांधू नये, कारण साधं कॅरॅमल घालायला परवानगी आहे.

वयाची अट त्या मानाने सरळ आहे. १९१५च्या युद्धकालीन ब्रिटिश कायद्याने किमान दोन वर्षं ठरवली, पुढच्याच वर्षी ती तीन झाली, आजही तीनच आहेत. तीव्रतेचं गणित जुन्या ब्रिटिश 'प्रूफ'मधून येतं, ज्यात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. आपल्याकडच्या बाटल्यांवरचे ४२.८ टक्के म्हणजे तेच ७५ प्रूफ. स्कॉटलंडमध्ये पिंप बहुधा ६३.५ टक्क्यांवर भरतात. तिथल्या थंड, दमट हवेत तीव्रता हळूहळू उतरते, म्हणून चार-सहा वर्षांची कास्क-स्ट्रेंथ ६० टक्क्यांच्या आसपास राहते.

शेरी फिनिश, कोवळं वय आणि कास्क-स्ट्रेंथ या तीन गोष्टी एकाच ग्लासात आल्या की चाखण्याची घाई नडते. ट्यूलिपच्या आकाराच्या ग्लासात ३० मिली घेऊन दहा-पंधरा मिनिटं नुसती ठेवावी. नाक ग्लासात खुपसू नये. तोंड किंचित उघडं ठेवून बोटभर अंतरावरून वास घ्यावा, नाहीतर अल्कोहोलने नाक बधिर होतं आणि पुढचं काही कळत नाही. पहिला घोट पाण्याविना, अर्धा चमचा. मनुका, खारीक, अक्रोड आधी येतात. मग जिभेच्या मध्यावर अचानक हिरवं सफरचंद, नासपती, ओल्या सातूचा कच्चा वास लागला, तर शेरी वरवर बसली आहे, खालची व्हिस्की अजून कोवळीच आहे. नीट मुरलेल्या फिनिशमध्ये हा सांधा जाणवत नाही.

मग पाणी, थेंबाथेंबाने. ६० टक्क्यांच्या ३० मिलीत ९ मिली घातलं की ४६, आणि १५ मिली घातलं की ४० टक्के. ब्लेंडर, म्हणजे व्हिस्कीची मिश्रणं जुळवणारे जाणकार, वास घेण्यासाठी २० टक्क्यांपर्यंत उतरवतात, म्हणजे पाणी व्हिस्कीच्या दुप्पट. दोष तिथे उघडे पडतात, पण पिण्यासाठी ते फारच पातळ. पाण्याने गढूळपणा आला तर माल खराब नाही. थंड करून गाळलेली नसल्याने एस्टर नावाची तेलकट संयुगं वर आली, इतकंच. बर्फ नको, तो वास दाबतो आणि तुरटपणा पुढे आणतो.

वाद उरतो गंधकाचा. पिंप खराब होऊ नये म्हणून आत गंधकाची वात जाळतात, आणि तिचा अंश व्हिस्कीत उतरू शकतो. कुजलेल्या अंड्यासारखा वास बहुधा उघड्या ग्लासातून वीसेक मिनिटांत उडून जातो. जळलेल्या काडीचा किंवा रबराचा वास सहसा जात नाही, आणि पाणी घातल्यावर तो अधिकच कळतो.