तृणधान्यातलं तृण आणि शेतातलं तण

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं मिलेट वर्ष होतं. सरकारी मराठीत ‘पौष्टिक तृणधान्य वर्ष’. त्या नावातलं मानाचं ‘तृण’ आणि खुरपून बांधावर फेकलेलं ‘तण’ मुळात एकच.

संस्कृतात तृण म्हणजे नुसतं गवत. प्राकृतात ‘ऋ’चा ‘अ’ झाला: तृणचं तण, तृष्णेची तण्हा (पुढे तहान), मृत्तिकेची मट्टिआ (पुढे माती). अर्थही आक्रसला, पिकात नको असलेली कोणतीही वनस्पती तण ठरली. गाजरगवत हे तण, पण गवत मुळीच नव्हे, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. पूर्व विदर्भात मात्र धानाच्या पेंढ्याला अजून ‘तणस’ म्हणतात, तिथे जुना अर्थ टिकून आहे.

वनस्पतिशास्त्रात तण नावाचं कूळ नाही. भुईमुगात आपोआप उगवलेली ज्वारीही तणच. ही सीमारेषा माणसाची आहे आणि ती ओलांडायला माणूसच मदत करतो, हे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी दाखवलं. राय (rye) हे आज युरोपातलं धान्य, पण मुळात गव्हातलं तण. रानटी रायची कणसं पिकताच फुटून दाणे गळतात. गळालेले दाणे शेतातच राहतात. ज्यांची कणसं फुटत नाहीत तेवढीच गव्हाबरोबर कापून खळ्यावर येतात. उफणताना हलके दाणे उडतात, गव्हाइतके जड उरतात, आणि तेच पुढच्या पेरणीच्या बियाण्यात मिसळतात. निवड दरवर्षी होत गेली आणि राय गव्हासारखी झाली. थंड, हलक्या जमिनीत गहू मार खातो तिथे राय तगली आणि स्वतःच पीक बनली.

भातात हेच काम निंदणाऱ्या हातांनी केलं. सावावर्गातल्या एका गवताची लालसर, फाकलेली रोपं उपटली गेली. हिरवी, ताठ रोपं भात समजून वाचली. चीनच्या यांगत्से खोऱ्यातल्या या गवताच्या २०१९ मधील जनुकीय अभ्यासात ही नक्कल सुमारे हजार वर्षांपूर्वीची निघाली. ओळखायचं असेल तर पान खोडाला बिलगतं तो सांधा उघडून पाहा: भाताला तिथे पातळ पांढरी जिभळी असते, या गवताला ती नसते. फुलोरा येईपर्यंत थांबलात तर उशीर होतो, बी शेतात पडतं.

‘एका फवारणीत तणमुक्त शेत’ या जाहिरातीही इथेच फसतात. एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की त्याला दाद न देणारी झाडं तेवढी उरतात. खुरप्याने जे केलं तेच फवारा करतो, फक्त लवकर.