समुद्रात पवनचक्की उभी राहण्याआधी

समुद्रातल्या पवनऊर्जा प्रकल्पाचा पहिला खांब तळात ठोकला जातो, तोवर त्यामागे बहुधा आठ-दहा वर्षे गेलेली असतात. वारा मोजायचा, समुद्रतळाची माती तपासायची, पक्ष्यांचे मार्ग नोंदवायचे, मच्छीमारांशी बोलायचे, जहाजांचे मार्ग सांभाळायचे, वीज किनाऱ्यावर कुठे उतरवायची ते ठरवायचे. ही कामे कोणी करायची आणि प्रकल्प बुडाला तर नुकसान कोणी सोसायचे? या उद्योगाचा इतिहास मुख्यतः याच प्रश्नांभोवती फिरला आहे.

पहिला प्रकल्प डेन्मार्कचा. १९९१ मध्ये लोलँड बेटाजवळ विंडेबी येथे उथळ पाण्यात ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येकीची क्षमता ४५० किलोवॅट, म्हणजे सगळ्या मिळून पाच मेगावॅटही नाही. पण समुद्रात हे जमते, एवढे त्यांनी सिद्ध केले आणि २०१७ पर्यंत काम केले.

नियोजनाच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कोपनहेगनसमोरचा मिडलग्रुंडेन. मूळ आराखड्यात तीन ओळींत २७ पवनचक्क्या होत्या. शहरातून दिसणाऱ्या दृश्यावर आक्षेप आले, जाहीर सुनावण्या झाल्या आणि आराखडा बदलला: २० पवनचक्क्या, एकाच कमानदार रांगेत. त्यातल्या १० सहकारी संस्थेच्या मालकीच्या, तिचे सभासद आठ हजारांहून जास्त. उरलेल्या १० शहराच्या वीजकंपनीच्या. २००० च्या अखेरीस उभा राहिलेला हा ४० मेगावॅटचा प्रकल्प लोकांना पहिल्यापासून सोबत घेतले तर काय साधते, याचा उत्तम दाखला आहे.

खुल्या समुद्राने मात्र वेगळा धडा दिला. डेन्मार्कच्याच जटलँड द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे २००२ मध्ये हॉर्न्स रेव्ह येथे ८० पवनचक्क्यांचा १६० मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रे त्या हवेत टिकेनात. अखेर २००४ मध्ये सगळ्याच्या सगळ्या ८० पवनचक्क्यांचे वरचे यंत्रकक्ष उतरवून दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर आणावे लागले. जमिनीवर चालणारे यंत्र तसेच्या तसे समुद्रात नेऊन भागत नाही, हे तेव्हा साऱ्या उद्योगाला कळले.

अमेरिकेतल्या केप विंडचे दुखणे यंत्रांचे नव्हतेच. मॅसॅच्युसेट्सजवळ १३० पवनचक्क्यांचा हा प्रस्ताव २००१ मध्ये पुढे आला, तेव्हा अशा प्रकल्पाला परवानगी नेमकी कोणी द्यायची यासाठी तिथे वेगळा कायदाही नव्हता. तो अधिकार गृह खात्याला मिळाला २००५ मध्ये. (अमेरिकेत हे खाते सरकारी जमिनी आणि नैसर्गिक संपत्ती पाहते.) मान्यता मिळायला २०१० उजाडले. किनाऱ्यावरच्या श्रीमंत रहिवाशांचा विरोध आणि कोर्टकचेऱ्या चालूच राहिल्या. २०१५ मध्ये वीजखरेदीचे करार मोडले आणि २०१७ मध्ये कंपनीने प्रकल्पच सोडून दिला. समुद्रात एकही पवनचक्की उभी राहिली नाही.

नेदरलँड्सने नेमकी हीच अनिश्चितता दूर केली. २०१५ च्या कायद्यानंतर तिथे जागा सरकार निवडते, तळाचे आणि वाऱ्याचे सर्वेक्षण सरकार करते, परवानगीची बाजू आधीच मार्गी लावते आणि किनाऱ्यापर्यंतची वीजवाहिनी सरकारी मालकीची टेनेट कंपनी टाकते. कंपन्यांनी फक्त बोली लावायची. बोली म्हणजे वीज किती दराने देता येईल तो आकडा, जितका कमी तितका चांगला. २०१६ मध्ये बोर्सेले या सागरी क्षेत्राच्या लिलावात डाँग एनर्जी या डॅनिश कंपनीची बोली किलोवॅट-तासाला ७.२७ युरोसेंटची आली. सरकारने ठरवलेली कमाल मर्यादा १२ सेंटच्याही वर होती. २०१८ पर्यंत तर अनुदानाशिवाय प्रकल्प उभारायला कंपन्या तयार झाल्या.

मग सरकारांनी हे गृहीतच धरले. तोवर पोलाद महागले, व्याजदर चढले आणि हिशेब बिघडला. २०२३ मध्ये ब्रिटनच्या लिलावात समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. देऊ केलेला कमाल दर परवडणारा नव्हता. पुढच्या वर्षी डेन्मार्कने उत्तर समुद्रातली तीन गिगावॅटची क्षेत्रे अनुदानाविना लिलावात काढली, तिथेही कोणी फिरकले नाही. ब्रिटनने मात्र २०२३ च्या अखेरीसच कमाल दर बराच वाढवला होता आणि २०२४ मध्ये तिथे बोली परत आल्या. डेन्मार्कनेही २०२५ मध्ये तीन गिगावॅटच्या नव्या फेरीसाठी पुन्हा सरकारी आर्थिक आधार द्यायचे ठरवले.